शिक्षेचें शास्त्र आणि शिक्षेची मर्यादा

संस्कृतांत ‘शिक्षा’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ शिकणें किंवा शिकविणें असा आहे. वेदांच्या सहा अंगांत शिक्षा हें एक अंग असून त्यांत वर्णोच्चाराचें शास्त्र सांगितलेलें आहे. तेथें छडीचा कांहीं संबंध नाहीं. मराठींत मात्र हाच शब्द मार, दंड, तुरुंग ह्या अर्थीं रूढ झाला आणि शिकण्यासाठीं आपण ‘शिक्षण’ असा निराळा शब्द योजिला. एकाच धातूचीं हीं दोन अपत्यें आपल्या भाषेंत परस्परांपासून इतकीं दुरावलीं आहेत कीं, ‘मास्तरांनीं शिक्षा केली’ असें ऐकल्यावर त्यांनीं कांहीं शिकविलें असावें अशी शंकाही कोणाच्या मनास शिवत नाहीं. मुलास शिक्षा झाली; पण त्यापासून तें काय शिकलें? आजच्या लेखांत आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहों.

हा विषय घेण्याचें कारण असें कीं, ‘स्वमग्नता’ म्हणजे ऑटिझम हा शब्द अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत वरचेवर कानीं पडूं लागला आहे. मूल अडीच वर्षांचें होतें, पण हांकेस ओ देत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं, बोलत नाहीं. पुढें केव्हां तरी तें भिंतीवर डोकें आपटूं लागतें किंवा स्वतःचाच हात चावूं लागतें. डॉक्टर ‘ए.बी.ए.’ नांवाचा उपचार सुचवितात. मराठींत त्यास उपयोजित वर्तनविश्लेषण म्हणतां येईल. मग घरांत दोन पक्ष पडतात. थोरले काका म्हणतात, ‘हीं थेरें कशाला? वेळींच दोन चपराका दिल्या असत्या तर पोर केव्हांच सरळ झालें असतें.’ मुलाची आई इंटरनेटवर कांहीं वाचून धास्तावलेली असते. तिला वाटतें, ह्या उपचारांत मुलांस विजेचे झटके देतात. दोन्ही पक्षांपाशीं सत्याचा एकएक तुकडा आहे, पण सबंध गोष्ट कोणापाशींच नाहीं. ती सबंध गोष्ट सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ह्या शास्त्रांतील शिक्षेची व्याख्या प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते. परंतु ती नीट ध्यानांत घेतली म्हणजे पुढील निम्मा विषय आपोआप उलगडतो. एखाद्या वर्तनाच्या पाठोपाठ कांहीं घडलें आणि त्यामुळें तें वर्तन पुढें कमी झालें, तरच त्या घडलेल्या गोष्टीस शिक्षा म्हणावयाचें. करणाऱ्याचा हेतु काय होता, तो किती रागावला होता, मूल किती रडलें, ह्यांपैकीं कशासही ह्या व्याख्येंत स्थान नाहीं. उलट, पाठोपाठ घडलेल्या गोष्टीमुळें वर्तन वाढलें तर तिला प्रबलन म्हणावयाचें, मग ती गोष्ट आपल्या दृष्टीनें कितीही कडू असो. शिक्षेचे पुन्हां दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत नकोशी गोष्ट पुढें येते: ओरडा, चापट, नावडतें काम. दुसऱ्या प्रकारांत हवीशी गोष्ट काढून घेतली जाते: खेळणें कांहीं वेळ उचलून ठेवणें, चाललेल्या खेळांतून थोडा वेळ बाजूस बसविणें. ह्या दुसऱ्या प्रकारांत मारझोडीचा लवलेशही नसतो. तरी शास्त्रदृष्ट्या ती शिक्षाच होय.

हें तत्त्व एकत्र कुटुंबाच्या पंगतींत ताडून पाहावें. चार वर्षांचें मूल जेवतांना ताट ढकलून देतें. आई दरडावते, आजी ‘असूं दे ग, लहान आहे’ म्हणत धांवते, काकू सांडलेला भात गोळा करते, थोरले काका डोळे वटारतात, आणि आत्या मुलास कडेवर घेऊन गॅलरींत कावळा दाखवावयास नेते. मोठ्यांच्या समजुतीप्रमाणें मुलास शिक्षा झाली. मुलाच्या हिशेबीं मात्र, एरव्हीं आपापल्या कामांत गढलेलीं पांच माणसें एका ढकलीसरशीं आपल्याभोंवतीं जमलीं आणि नको असलेलें ताटही पुढून गेलें. दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां ताट ढकलील ह्यांत नवल तें काय? येथें शिक्षा झालीच नाहीं, झालें तें प्रबलन, असा शास्त्राचा निर्णय पडेल. आणि तो निर्णय ऐकून ‘आम्ही इतकें रागावतों तरी हा सुधारत नाहीं’ ही घरोघरची तक्रार बरीचशी निकालांत निघेल.

हे नियम कोठून आले तें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतील एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनीं १८९८ सालीं, पेटींत कोंडलेलीं मांजरें बाहेर पडण्याची युक्ति कशी शिकतात ह्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढें त्यांनीं असा नियम बसविला कीं, समाधान देणारें कृत्य दृढ होतें आणि त्रास देणारें शिथिल होतें. परंतु १९३२ च्या सुमारास, माणसांवरील प्रयोगांनंतर, ह्याच गृहस्थांनीं नियमाचा उत्तरार्ध मागें घेतला. बक्षिसानें कृत्यास जितकें बळ येतें तितकें शिक्षेनें तें ओसरत नाहीं असें त्यांस आढळलें. १९३८ सालीं बी. एफ. स्किनर ह्यांनीं आपल्या ग्रंथांत एक बोलका प्रयोग नमूद केला. तरफ दाबून अन्न मिळविण्यास शिकलेल्या उंदरांस त्यांनीं अन्न देणें बंद केलें, आणि त्यांपैकीं कांहींच्या पंजांवर, पहिलीं कांहीं मिनिटें, प्रत्येक दाबासरशीं तरफेचाच फटका बसेल अशी योजना केली. फटके चालू होते तोंवर त्या उंदरांनीं तरफ दाबणें पुष्कळच कमी केलें. परंतु फटके थांबल्यावर त्यांनीं राहिलेली कसर भरून काढली आणि शेवटीं एकूण बेरीज फटके न बसलेल्या उंदरांएवढीच झाली. म्हणजे शिक्षेनें संवय मोडली नव्हती. ती नुसती दबा धरून बसली होती.

तथापि शिक्षा केवळ निरुपयोगी आहे असें म्हणून शास्त्र तेथेंच थांबलें नाहीं. अझ्रिन व हॉल्झ ह्या दोघांनीं १९६६ सालीं तोंवरच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला व शिक्षा परिणामकारक होण्याच्या अटी मांडल्या. त्यांतील मुख्य अशा: शिक्षा वर्तनाच्या पाठोपाठ ताबडतोब झाली पाहिजे, दर खेपेस झाली पाहिजे, पहिल्यापासूनच पुरेशी असली पाहिजे, कारण हळूहळू वाढवीत नेली तर ती अंगवळणीं पडते, तिच्यांतून निसटण्यास वाट नसावी, ज्या लाभासाठीं तें वर्तन होतें त्याची ओढ कमी केलेली असावी, आणि तोच लाभ मिळविण्याचा दुसरा, निरुपद्रवी मार्ग मोकळा असावा. पहिल्या चार अटी कठोर आहेत, शेवटल्या दोन कनवाळू आहेत. गंमत अशी कीं, शेवटली अट पाळली तर अगदीं सौम्य शिक्षाही पुरते, असें प्रयोगांत दिसून आलें. सर्व मार्ग बंद करून मारलेल्या दहा फटक्यांहून एक मार्ग उघडून दिलेली एक ताकीद अधिक काम करते.

आतां ह्या अटी आपल्या घरांतील शिक्षेस लावून पाहाव्या. सकाळीं केलेल्या खोडीची शिक्षा संध्याकाळीं ‘बाबा आल्यावर’ होते. तोंवर मूल शहाण्यासारखें अभ्यासास बसलेलें असतें, आणि चापट बसते ती त्या अभ्यासाच्या पाठोपाठ. एके दिवशीं ज्या गोष्टीस मार बसतो तिलाच दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांसमोर हंसून दाद मिळते. आई शिक्षा करते आणि पांच मिनिटांत आजीच्या हातचा लाडू मिळतो. मुलाच्या मनांत मग शिक्षा ही लाडवाची पूर्वसूचना ठरते. पुन्हां, कधीं लागू पडणारी व कधीं न पडणारी शिक्षा मुलास एवढेंच शिकविते कीं, प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाहीं. जी शिक्षा प्रयोगशाळेंत परिणामकारक ठरते तिच्या अटी दहा माणसांच्या घरांत पाळल्या जाणें जवळजवळ अशक्य आहे. आणि जी शिक्षा घरांत होते तिचा शास्त्रीय आधार शोधूं गेल्यास सांपडत नाहीं.

शिक्षा लागू पडली तरी तिच्याबरोबर जें येतें त्याचाही हिशेब केला पाहिजे. शिक्षा भोगणारा पळूं पाहतो. आणि तो केवळ खोडीपासून पळत नाहीं, शिक्षा करणाऱ्यापासून, त्या खोलीपासून, त्या पुस्तकापासूनही पळतो. गणिताच्या तासाला मार खाल्लेलीं मुलें पुढें जन्मभर गणितास बिचकतात, हें आमच्या व्यवसायांतील प्रत्येकानें पाहिलेलें आहे. दुसरें, वेदना हल्ल्यास उद्युक्त करतात. १९६२ सालीं उल्‌रिक व अझ्रिन ह्यांनीं दाखविलें कीं, एरव्हीं गुण्यागोविंदानें राहणारे दोन उंदीर पायांखालून विजेचा झटका बसतांच एकमेकांवर तुटून पडतात, वास्तविक झटका त्यांपैकीं कोणीच दिलेला नसतो. मोठ्यानें धाकट्यास मारलें म्हणून आपण मोठ्यास मारतों, आणि तो कोपऱ्यांत जाऊन धाकट्यास पुन्हां चिमटा काढतो. त्याचें मूळ येथें आहे. तिसरें, शिक्षेनें काय करूं नये हें कळतें, काय करावें हें कळत नाहीं.

ह्या सर्वांहून घातक असा चौथा परिणाम आहे, आणि तो शिक्षा भोगणाऱ्यावर नव्हे, करणाऱ्यावर होतो. आपण ओरडतों आणि मुलाचा दंगा त्या क्षणीं थांबतो. त्या शांततेचें बक्षीस कोणास मिळालें? ओरडणाऱ्यास. म्हणून पुढच्या वेळीं तो अधिक लवकर ओरडतो. ओरडणें बोथट झाल्यावर हात उगारतो. हात बोथट झाल्यावर छडी शोधतो. मुलाचें वर्तन महिनाभरानें पाहिलें तर तसेंच असतें, पण मोठ्याची संवय पक्की झालेली असते. मरे सिडमन ह्या वर्तनशास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं एक सबंध ग्रंथ लिहून जबरदस्तीपासून जबरदस्तीच कशी उपजते हें दाखविलें. शिक्षेवर पहारा कां हवा, तिच्या नोंदी कां हव्या, ती एकट्यादुकट्याच्या हातीं कां सोंपवूं नये, ह्या सर्वांचें उत्तर ह्या एका गोष्टींत आहे. आपली शिक्षा लागू पडते आहे असें शिक्षा करणाऱ्यास नेहमींच वाटतें. म्हणून तो ह्या बाबतींत विश्वासार्ह साक्षीदार नव्हे.

आतां उपचारांचा इतिहास. १९६४ सालीं वुल्फ, रिस्ली व मीझ ह्यांनीं डिकी ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या साडेतीन वर्षांच्या स्वमग्न मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळें त्याचीं नेत्रभिंगें काढलेलीं होतीं. चष्मा न वापरल्यास दृष्टि जाण्याचें भय होतें. मूल चष्मा डोळ्यांस लावूं देईना, फेकून देई, डोकें आपटी, केंस उपटी. उपचारकांनीं चष्मा घालण्याच्या दिशेनें टाकलेल्या प्रत्येक लहान पावलास खाऊ दिला, आणि चष्मा फेकल्यास किंवा आकांत केल्यास त्यास थोडा वेळ खोलींत एकटें ठेविलें. शेवटीं तें मूल दिवसाचे सुमारें बारा तास चष्मा वापरूं लागलें. शिक्षा येथें होती, पण ती सौम्य होती, तिचा हेतु मुलाची दृष्टि वांचविणें हा होता, आणि तिच्या जोडीस शिकविण्याचा भरघोस कार्यक्रम होता. १९६८ सालीं ह्या शास्त्राचें स्वतंत्र नियतकालिक निघालें, तेव्हां अशाच कामाचा आदर्श लोकांपुढें होता.

परंतु त्याच काळांत दुसरी वाटही फुटली. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत ईव्हार लोव्हास हे स्वमग्न मुलांवर उपचार करीत. १९६५ सालीं ‘लाइफ’ साप्ताहिकानें त्यांच्या कामाची सचित्र हकीकत छापली. तींत आरोळ्या, चपराका व माया हीं तिन्ही एकत्र होतीं. १९६९ सालीं लोव्हास व सिमन्स ह्यांनीं स्वतःस इजा करून घेणाऱ्या तीन मुलांवर विजेच्या झटक्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांस केवळ क्रूर म्हणून मोकळें होणें न्यायाचें नव्हे. त्या काळीं अशा मुलांस महिनेच्या महिने हातपाय बांधून ठेवीत, आणि कांहीं झटक्यांनीं ती इजा थांबली हें खरें आहे. पण त्यांचीच नोंद अशी कीं, परिणाम बहुधा ज्या ठिकाणीं व ज्या माणसानें झटका दिला तेवढ्यापुरताच टिकला. लोव्हास ह्यांच्या १९८७ सालच्या प्रसिद्ध अभ्यासांत १९ पैकीं ९ मुलें सर्वसामान्य वर्गांत शिकूं लागलीं. त्या उपचारांतही मोठ्यानें ‘नाहीं’ म्हणणें व क्वचित् मांडीवर चापट मारणें होतें. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, म्हणून त्या आंकड्यांवर वाद आहे. परंतु पुढें विस्कॉन्सिन राज्यांतील एका अभ्यासांत, जो २००५ सालीं प्रसिद्ध झाला, चापटी वगैरे कांहीं न वापरतां सुमारें निम्म्या मुलांची तशीच प्रगति दिसून आली. मग चापटीनें काय साधलें होतें, हा प्रश्न उरतोच.

खरें वळण मिळालें तें एका साध्या प्रश्नानें: हें मूल असें करतें तें कशासाठीं? १९८२ सालीं ब्रायन इवाटा व त्यांचे सहकारी ह्यांनीं बाल्टिमोर येथें स्वतःस इजा करणाऱ्या नऊ रुग्णांस निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलें. एका परिस्थितींत इजा करतांच कोणी तरी काळजीनें बोले. दुसरींत इजा करतांच हातांतील काम थांबे. तिसरींत मूल एकटें असे. चौथींत खेळ व मोकळेपणा असे. नवांपैकीं सहा जणांत इजेचें प्रमाण विशिष्ट परिस्थितीशीं निगडित आढळलें. म्हणजे कोणी लक्ष वेधण्यासाठीं डोकें आपटीत होता, कोणी काम टाळण्यासाठीं, तर कोणास त्या क्रियेंतच कांहीं शारीरिक सुख मिळत होतें. बाहेरून रोग एकच, पण निदानें वेगळीं. काम टाळण्यासाठीं डोकें आपटणाऱ्यास शिक्षा म्हणून वर्गाबाहेर नेलें तर ती शिक्षा नव्हे, त्यास हवें तेंच झालें. १९८५ सालीं कार व ड्युरँड ह्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्यांनीं चार मुलांस, आपल्याला हवें तें मागण्याचें एक वाक्य शिकविलें: ‘मला समजलें नाहीं’ किंवा ‘माझें काम चांगलें होतें आहे का?’ योग्य वाक्य हातीं येतांच उपद्रव ओसरला. कारणाशीं न जुळणारें वाक्य शिकविलें तर ओसरला नाहीं. ज्यास शब्द नव्हता त्याचें डोकें हीच त्याची भाषा होती. त्या भाषेबद्दल मारणें म्हणजे मुक्यास मुकेपणाबद्दल मारणें होय.

हें ज्ञान हातीं आल्यावरही जुनी वाट बंद झाली नाहीं. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील कँटन येथील जज रोटेनबर्ग सेंटर ही संस्था, जी १९७१ सालीं निराळ्या नांवानें स्थापन झाली, आपल्या कांहीं निवासी रुग्णांच्या हातापायांस विद्युदग्रें बांधून दुरून झटके देण्याचें यंत्र वापरीत आली. २००७ सालीं तेथें घडलेली गोष्ट प्रत्येक पालकानें लक्षांत ठेवावी. रात्रीं एका तोतयानें दूरध्वनीवरून वरिष्ठ असल्याचें सांगून आज्ञा केली, आणि कर्मचाऱ्यांनीं दोन तरुणांस, एकास ७७ व दुसऱ्यास २९, असे झटके दिले. योजना, नियम, अधिकारी सर्व कांहीं कागदावर होतें. परंतु कळ दाबणाऱ्याच्या हातीं निर्णय राहिला म्हणजे काय होतें तें दिसून आलें. २०१३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिनिधींनीं ह्या प्रकारास आक्षेप घेतला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२० सालीं त्या यंत्राच्या ह्या वापरावर बंदी घातली; २०२१ सालीं न्यायालयानें ती रद्द केली; २०२२ च्या डिसेंबरांत तेथील काँग्रेसनें कायदा सुधारून प्रशासनास अधिकार दिला; आणि मार्च २०२४ मध्यें प्रशासनानें पुन्हां बंदीचा प्रस्ताव मांडला. खुद्द वर्तनविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेंही २०२२ सालीं मतदान घेऊन अशा झटक्यांस ठाम विरोध जाहीर केला. शास्त्राचें नांव घेऊन चाललेल्या गोष्टीचा त्या शास्त्राच्याच लोकांनीं निषेध करावा, ही जितकी लाजेची तितकीच आशेची गोष्ट आहे.

मग आज ह्या व्यवसायाचा नियम काय? १९८८ सालीं व्हॅन हाउटन व सहकाऱ्यांनीं रुग्णाच्या हक्कांची एक यादी प्रसिद्ध केली. तींत परिणामकारक उपचार मिळण्याचा हक्क होता, आणि रुग्णाचें हित हेंच उपचाराचें ध्येय असलें पाहिजे हाही होता. २०२२ पासून लागू असलेल्या अमेरिकन प्रमाणपत्र-मंडळाच्या नीतिसंहितेप्रमाणें, कमी जाचक उपायांनीं इष्ट फळ मिळालें नाहीं असें दाखविल्याखेरीज, किंवा न केल्यास होणारी हानि अधिक आहे असें उपचारकांच्या मंडळानें ठरविल्याखेरीज, शिक्षेवर आधारलेला उपाय सुचवूं नये. ह्यांतील तोल पाहण्यासारखा आहे. एखादें मूल स्वतःचा डोळा फोडीत असेल आणि इतर उपाय थकले असतील, तर सौम्य शिक्षाही नाकारणें हें दयेचें कृत्य नव्हे. परंतु ‘इतर उपाय थकले’ हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं ते खरोखर केले गेले असावे लागतात.

म्हणून ज्या घरांतील मुलावर असा उपचार चालू आहे त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं उपचारकास पुढील प्रश्न विनयानें पण स्पष्टपणें विचारावे. हें मूल असें कां करतें ह्याची तपासणी झाली काय, आणि ती कशी केली? त्याऐवजीं काय करावें हें त्यास शिकविलें जात आहे काय? कोणते सौम्य उपाय किती दिवस करून पाहिले, आणि त्यांच्या नोंदी दाखवाल काय? शिक्षेचा भाग असल्यास ती कोणती, कोणाच्या देखरेखीखालीं, किती दिवसांसाठीं, आणि उपयोग न झाल्यास केव्हां थांबेल? ती चालू असतां आम्हांस पाहण्यास बसतां येईल काय? आणि आम्हीं संमति मागें घेतली तर? ह्या प्रश्नांवर रागावणारा उपचारक सोडून द्यावा. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी ज्याच्यापाशीं आहे काय, हेंही पाहावें. शुल्काची रक्कम हा योग्यतेचा पुरावा नव्हे.

आपल्या देशांतील कायदाही ह्या बाबतींत मुका नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस मनाई केली आहे. उपचारकेंद्र म्हणजे शाळा नव्हे अशी पळवाट कोणी काढील, तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचें पंचाहत्तरावें कलम मूल ज्याच्या ताब्यांत आहे अशा कोणाही माणसाच्या क्रौर्यास लागू पडतें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्वमग्नतेस दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली व क्रूर वागणुकीपासून संरक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानें रुग्णास एकांतांत कोंडण्यास बंदी केली, आणि शारीरिक बंधन हें शिक्षा म्हणून कधींही वापरूं नये असें सांगितलें.

येथें आणखी एक प्रश्न विचारणें अवश्य आहे, आणि तो पद्धतीविषयीं नसून ध्येयाविषयीं आहे. जें वर्तन आपण बंद करूं पाहतों तें बंद कां व्हावें? मोठें झालेले पुष्कळ स्वमग्न लोक आज सांगतात कीं, लहानपणीं त्यांस हात हलविण्याबद्दल, डोलण्याबद्दल, नजर न देण्याबद्दल दटावलें गेलें. त्या गोष्टींनीं कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें, उलट त्यांच्या जिवास त्यांनींच शांतता मिळत होती. ह्या तक्रारीचा मान राखला पाहिजे. डोकें फुटणें ही आपत्ति आहे. हात हलविणें ही केवळ शेजाऱ्यांच्या भुवया उंचावणारी गोष्ट आहे. दुसरीसाठीं शिक्षा योजणें म्हणजे मुलाच्या सुखाच्या मोलानें आपली अब्रू विकत घेणें होय. ‘लोक काय म्हणतील’ ह्या रोगावर उपचार मुलावर करूं नये.

घरांत काय करावें? पहिलें, मोठ्यांत एकमत. मुलासमोर शिक्षेवरून भांडणारे वडील व आजोबा हे दोघेही हरतात. तेव्हां काय सोडावयाचें, काय थांबवावयाचें हें मुलाच्या पाठीमागें ठरवावें व मग आजीपासून आत्यापर्यंत सर्वांनीं एकच पाळावें. दुसरें, आठवडाभर फक्त वहींत टिपावें: खोडीपूर्वीं काय घडलें, मुलानें काय केलें, पाठोपाठ काय झालें. ह्या तीन रकान्यांनीं पुष्कळ वेळां शिक्षेची गरजच संपते. तिसरें, ज्या वर्तनाची इच्छा आहे तें घडतांच, त्याच क्षणीं, नांव घेऊन दाद द्यावी. एकत्र कुटुंबांत खोडीस दहा साक्षीदार असतात आणि चांगुलपणास एकही नसतो, हें उलटें व्हावें. चवथें, शिक्षा करावयाचीच तर ती लहान, तात्काळ, आधीं सांगितलेली व संपल्यावर खरोखर संपलेली असावी. गोष्ट बंद करणें किंवा खेळांतून दोन-चार मिनिटें बाजूस बसविणें, एवढेंच. अंधारी खोली, उपास, चारचौघांत अपमान, हीं शिक्षेच्या नांवाखालीं चाललेलीं पातकें होत. आणि खेळांतून बाजूस बसविण्यास अर्थ येण्यासाठीं आधीं खेळ रंगलेला असावा लागतो. ज्या घरांत मुलाशीं कोणी खेळतच नाहीं, तेथें त्यास कशापासून दूर बसविणार?

आमच्या परंपरेंत छडीस आधार सांपडत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पतंजलींच्या महाभाष्यांत गुरूंच्या अमृतमय हाताच्या ताडनाचा गौरव आहे, आणि पांच वर्षें लाड व पुढें दहा वर्षें मार असा कालक्रम सांगणारें सुभाषित तर पुष्कळांस मुखोद्गत आहे. परंतु त्याच परंपरेंत कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या आरंभींच सांगून ठेविलें आहे कीं, कठोर दंड करणाऱ्याचा लोकांस उद्वेग येतो, मऊ दंड करणाऱ्यास लोक जुमानीत नाहींत, आणि यथायोग्य दंड करणाराच पूजेस पात्र होतो. यथायोग्य म्हणजे किती, हें ठरविण्यास त्याच्या काळीं राजाची विवेकबुद्धि होती. आज तिच्या जोडीस मोजमाप, नोंदी व मुलाचें मन जाणण्याचें शास्त्र आहे. अमृताचा हात कोणता व विषाचा कोणता, हें मारणाऱ्यास विचारून कळणार नाहीं. तें मुलाच्या पुढल्या महिन्याच्या वागणुकींत आणि आपण खोलींत शिरतांच त्याच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या भावांत वाचावें लागतें. तें वाचण्याची ज्यास संवय लागली, त्याच्या हातून शिक्षा क्वचितच होते. आणि झाली तर ती शिक्षा ह्या शब्दाच्या मूळ अर्थास जागते.